सिस्टर्स
संगणकक्षेत्रातील स्त्रियांचा, अमेरिकेत उदयास आलेला व ई-मेलद्वारे चालणारा व्यावसायिक समुदाय. कार्यकारी प्रणालींवरील एका परिषदेत भेटलेल्या मोजक्या स्त्रियांना एकत्र आणून संगणकशास्त्रज्ञ ॲनिटा बोर्ग यांनी १९८७ मध्ये तो स्थापिला. टेल व्हिटनी यांच्या सहकार्याने १९९४ मध्ये भरविलेली ‘ग्रेस हॉपर’ परिषद (पहा : हॉपर, ग्रेस) व बोर्ग यांनी संगणकक्षेत्रातील स्त्रियांसाठी १९९७ मध्ये स्थापिलेली संस्था ही त्याचीच पुढील पावले होत.

प्रवेश केवळ स्त्रियांना, हा मूळ दंडक. तथापि, लिंगपरिवर्तनाच्या निश्चयामुळे १९६८ मध्ये आयबीएममधून बडतर्फ झालेल्या व २०२० मध्ये त्या कंपनीची क्षमायाचना लाभलेल्या अभियंत्रीचे उदाहरण (पहा : कॉन्वे, लिन) ज्या व्यवसायात घडले, तेथे ‘स्त्री’ या संज्ञेची व्याप्ती हा केवळ तात्त्विक प्रश्न नव्हता. पुढे संस्थेने नॉन-बायनरी (स्त्री वा पुरुष या द्वैतात न बसणाऱ्या) व्यक्तींचाही आपल्या उद्दिष्टांत स्पष्ट उल्लेख केला.

व्यक्तीने स्वतः सांगितलेली लिंगओळख ग्राह्य धरण्याच्या, म्हणजेच स्वयंनिवेदनाच्या, तत्त्वाची (भारतातील संदर्भासाठी पहा : नालसा निकाल, २०१४) कसोटी ‘ग्रेस हॉपर’ परिषदेच्या २०२३ मधील ऑर्लँडो येथील अधिवेशनात लागली : नोकरभरतीच्या दालनांपुढील रांगांत पुरुष मोठ्या संख्येने उभे राहिले आणि काहींनी नोंदणी-अर्जात लिंगओळख खोटी लिहिल्याची तक्रार आयोजकांनी जाहीरपणे केली (हा ठपका नॉन-बायनरी सभासदांवर नव्हता, हे नमूद करणे अवश्य), परंतु भेदभावप्रतिबंधक संघीय कायद्यामुळे पुरुषांना सरसकट मज्जाव करणे आयोजकांना शक्य नव्हते.