सिन्नरची विडी : दारिद्र्य आणि धूम्रपान यांच्या संबंधाचा एक ऐतिहासिक विचार

दारिद्र्य आणि प्रौढांमधील धूम्रपान यांच्या संबंधाची चर्चा बहुधा ओढणाऱ्यापासून सुरू होते आणि त्याच्या अज्ञानापाशी संपते. नाशिक जिल्ह्यातील सिन्नरचा विचार करता ही मांडणी अपुरी वाटते. तेथील अनेक कुटुंबांसाठी विडी हे व्यसन नव्हते, उपजीविका होती.

यादवकालीन राजधानी आणि गोंदेश्वर मंदिर यांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित असलेले हे गाव विसाव्या शतकात विडी-उद्योगासाठी प्रसिद्धीस आले. तेंदूपानाची जंगले विदर्भ व मध्य भारतात, विडीच्या तंबाखूची शेती निपाणी व चरोतर भागात. सिन्नर तालुक्याचा पूर्वभाग मात्र अवर्षणग्रस्त. प्रस्तुत लेखकाच्या मते, या उद्योगास सिन्नरने पुरविले ते मुख्यतः स्वस्त श्रम. पाने भिजवून कापणे, त्यांत जर्दा भरून वळणे व दोऱ्याने बांधणे ही कामे प्रामुख्याने स्त्रिया घरी बसून करीत. मजुरी हजार विड्यांमागे मिळे. अशा घरखेप कामगारांना 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कामगार म्हणून मान्यता दिली, तर 1976 मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला.

मजुरी अल्प, म्हणून विडी स्वस्त. आणि स्वस्त, म्हणून ती मजुराची. कष्टाच्या कामात घटकाभर थांबण्यास ती एक सर्वमान्य निमित्त ठरे, शिवाय निकोटिनने भूकही मंदावते. पान नीट जळत नसल्याने विडी विझू नये म्हणून वारंवार जोरात ओढावी लागते, हे ओढणाऱ्यास ठाऊक असते. त्याचा फुप्फुसांवरील परिणाम सहसा ठाऊक नसतो.

करधोरणाचा इतिहास येथे बोलका आहे. वर्षाला 20 लाखांपर्यंत हातविड्या करणाऱ्या उत्पादकांना उत्पादन शुल्कातून सूट होती. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर 28 टक्के लागला, पण सिगारेटवरील भरपाई उपकर विडीवर नव्हता. सप्टेंबर 2025 मध्ये तर विडीचा दर 18 टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला. समर्थन प्रत्येक वेळी कामगारांच्या रोजगाराचे. एका गरिबाच्या नावाने दुसऱ्या गरिबाचे विष स्वस्त राहिले, असे म्हणणे कटू असले तरी अयोग्य नव्हे.

2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करीत, तर धूरविरहित तंबाखू सेवन करणारे 24.4 टक्के होते. तेव्हा केवळ धूम्रपानाचा आकडा पाहून समाधान मानता येत नाही. शिवाय विडी वळणारी स्त्री स्वतः ओढत नसली तरी दिवसभर तंबाखूची धूळ श्वासावाटे घेते, आणि धूम्रपानाच्या गणनेत तिची नोंद होत नाही.