पटावर हरण्याचे प्रकार

या सबंध प्रवासात तुम्ही फक्त हरणार आहात. आधीच सांगून ठेवतो, नंतर कुरकुर नको. पटावरचे खेळ माणसाला का आवडतात, हे जिंकलेल्याला विचारण्यात अर्थ नसतो. जिंकलेल्याला सगळंच गोड लागतं. खेळाची जात कळते ती हरताना. तेव्हा चला.

इ.स.पू. ७०६. असीरियाचा राजा दुसरा सर्गोन यानं नवी राजधानी वसवली आहे, दूर-शर्रुकिन. आजच्या इराकमधलं खोर्साबाद. राजवाड्याच्या दाराशी दगडी राखणदार उभे आहेत. तोंड माणसाचं, धड बैलाचं, पंख गरुडाचे, उंची दोन पुरुषांहून जास्त. खरे राखणदार तुम्ही दोघं, तुम्ही आणि तुमचा जोडीदार. पहाऱ्यात काही घडत नाही. घडू नये म्हणूनच तर पहारा. रात्र अर्धी सरली की जोडीदार भाला भिंतीला टेकवतो आणि बैलाच्या पायांशी, चौथऱ्याच्या दगडावर बसतो. तिथे कुणीतरी टोकदार हत्यारानं रेघा ओढून ठेवल्यात: तीन ओळींत चार-चार घरं आणि मधल्या ओळीतून पुढे गेलेली आठ घरांची शेपूट. वीस घरं. तो कमरेच्या पिशवीतून दोन हाडं काढतो, एक मेंढीच्या घोट्याचं, एक बैलाच्या.

नियम तुम्हाला पाच मिनिटांत कळतात. आपापल्या बाजूनं सोंगट्या आत आणायच्या, मधल्या ओळीत एकमेकांना गाठायचं, मारायचं आणि आधी बाहेर पडायचं. तुम्ही पुढे आहात. शेवटची सोंगटी शेपटीवर, चार घरं उरलेली. जोडीदार हाडं तळहातात घोळवतो, फेकतो, आणि त्याला हवं तेच दान पडतं. तुमची सोंगटी मेली. पुन्हा पहिल्यापासून. थोड्याच वेळात डाव संपतो आणि तुम्ही त्या हाडांना मनापासून शिव्या घालता.

त्या शिव्यांमध्येच या खेळाचं आयुष्य आहे. याच खेळाचे, वीस घरांचे पट पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वुली यांना १९२०च्या दशकात ऊरच्या राजघराण्याच्या थडग्यांत सापडले. शंख आणि लाजवर्द जडवलेले, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. आणि इ.स.पू. १७७च्या सुमारास, बॅबिलोनमध्ये इत्ती-मर्दुक-बलातु नावाचा लेखनिक ओल्या मातीच्या पाटीवर याच खेळाचे नियम लिहीत होता. सोंगट्यांना पक्ष्यांची नावं, आणि ठरावीक घरांवर पोचलं की कुठे खाण्यापिण्याची चंगळ, कुठे मित्रलाभ, अशी भाकितं. ती पाटी ब्रिटिश म्युझियमच्या आयर्विंग फिंकेल यांनी वाचली, म्हणून तुम्हाला आज रात्री नीट हरता आलं. दोन हजारांहून अधिक वर्षं टिकलेला खेळ! हरणाऱ्याला ‘हाडांनीच दगा दिला’ असं म्हणायची मुभा ठेवणारा खेळ सहसा मरत नाही. रेघा ओढलेला तो बैलही आता त्याच म्युझियममध्ये आहे. बघणारे मान वर करून त्याचं तोंड बघतात. पट पायाशी आहे.

पुढचा मुक्काम वेरूळ, सहावं शतक, धुमार लेणं. छिन्नीचा आवाज चालू आहे. भिंतीवर शंकर-पार्वती फासे खेळायला बसलेत आणि पार्वती दान टाकणार तोच शंकरानं तिचा हात धरून ठेवलाय. तुम्ही छिन्नीवाल्याला विचारता, जिंकतंय कोण? हा काय प्रश्न झाला, अशा नजरेनं तो बघतो. स्कंदपुराणात तर शंकर या खेळात अंगावरची वस्त्रंसुद्धा हरतो. बायकोशी हरत आलेला आणि तरी पटावरून न उठणारा देव ज्यांना सुचला, त्यांना सारीपाट चांगलाच माहीत होता.

मग पेशवाईतल्या पुण्यातलं एक माजघर, जमिनीवर पसरलेला मोक्षपट. परंपरा हा पट ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगते. पाहायला मिळणारे पट मात्र पुष्कळ अलीकडचे. तुम्ही कवड्या टाकता, चढता, चढता, आणि वरच्या ओळीत सापाच्या तोंडी पडता. इथे नशिबाला दोष देऊन भागत नाही. सापाला नाव आहे. तुम्ही अहंकारानं घसरलात, आणि ते घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं जातं. कवड्यांनी पाडायचं आणि वर तुमच्याच चारित्र्याचा पंचनामा! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडला पोचला, आणि पुढे तिथल्या मुलांच्या पटावर फक्त साप आणि शिड्या उरल्या. मुलं सुटली म्हणायची.

आता समुद्रापार. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातलं आर्डन गाव, १९१०च्या आसपास. इथे जमीन कुणा एकाच्या मालकीची नाही. सगळी गावाची, आणि राहणारा गावाला भाडं देतो. अर्थतज्ज्ञ हेन्री जॉर्ज यांच्या विचारानं चाललेली वस्ती. संध्याकाळी टेबलावर घरीच आखलेला एक पट येतो. कडेनं चौकोन, त्यात जमिनी, रेल्वे, एका कोपऱ्यात तुरुंग. फेरी पूर्ण केली की मजुरी मिळते. पहिल्या दोन फेऱ्या तुम्हाला वाटतं, जमतंय. तिसऱ्या फेरीला मजुरी हातात येते आणि पुढच्याच चौकोनात भाड्यात जाते. दान चांगलं पडतंय, चूकही काही केलेली नाही, तरी पैसे संपत चाललेत. समोरचा काहीही न करता श्रीमंत होतोय; त्यानं तुमच्याआधी जमीन घेतली एवढंच. शेवटी तुम्ही दिवाळखोर होता आणि तुमच्या तोंडून निघतं, ‘हा काय नियम झाला?’

हेच ऐकायला खेळ रचलेला आहे. एलिझाबेथ मॅगी, पेशानं लघुलेखिका, यांनी ५ जानेवारी १९०४ रोजी त्याचं पेटंट मिळवलं; नाव ‘जमीनदाराचा खेळ’. भाडेखाऊपणा व्याख्यानानं पटत नाही, खिशातून गेला की पटतो, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या खेळाला नियमांचा दुसराही संच होता. त्यात कुणाचीही संपत्ती वाढली तरी लाभ सगळ्यांना मिळे.

लोकांनी तो दुसरा संच बाजूला ठेवला आणि एकमेकांना भिकेला लावायचा पहिला उचलला. घरोघरी नकला होत होत पट चार्ल्स डॅरो यांच्या हाती आला, त्यांनी तो स्वतःचा म्हणून विकला, आणि १९३५मध्ये पार्कर ब्रदर्सनं ‘मोनॉपली’ बाजारात आणला. मॅगींचं पेटंट कंपनीनं ५०० डॉलरला घेतलं, पुढच्या विक्रीत वाटा नाही. डॅरो लक्षाधीश झाले. तुम्ही मे महिन्याच्या सुट्टीत ‘व्यापार’ मांडून बसत होतात, बँक ताईकडे आणि ताईचं भांडवल काही केल्या संपत नव्हतं, तो याच खेळाचा देशी नातू.

१९७६, भारतातली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा, पुरुषांची. समोर मुंबईची तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर. राष्ट्रीय महिला स्पर्धा सुरू झाल्यापासून विजेतेपद खाडिलकर बहिणींच्या घरातून बाहेर गेलेलं नाही. आधी वासंती, मग जयश्री, मग ही. तुमचा घोडा अडकलाय, वजिराला घर नाही. इथे हाडं नाहीत, कवड्या नाहीत, जमीनदार नाही. पटावर जे आहे ते तुमच्या डोळ्यांसमोर पहिल्यापासून होतं आणि ते तुम्हाला दिसलं नाही. बुद्धिबळाएवढं उघडं पाडणारं हरणं दुसरं नाही, आणि मला वाटतं, म्हणूनच या खेळाचे भक्त इतके कडवे असतात. पण माणूस निमित्त शोधतोच. पटावर सापडलं नाही तर पटाबाहेर: मुलीला पुरुषांत खेळू दिलंच कसं? प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असं शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव यांना सांगावं लागलं.

जर्मनीत थांबायला वेळ नाही. १९९५मध्ये दंतप्रयोगशाळा चालवणाऱ्या क्लाउस टॉयबर यांनी ‘कटान’ आणला. त्यात कुणी मध्येच बाद होत नाही. मागे पडलेला माणूसही शेवटपर्यंत विटा देऊन मेंढ्या मागत बसतो. हरणाऱ्याला जागेवरून उठवायचं नाही, एवढी सभ्यता खेळ रुजायला पुरेशी होती.

आणि हा शेवटचा डाव, पुण्यातल्या तुमच्याच घरात. मॅट लीकॉक यांचा २००८चा ‘पँडेमिक’. चौघं एका बाजूला, साथीचे रोग दुसऱ्या बाजूला. मुंबईवर तीन ठोकळे साचलेत. चौथा येतो आणि साथ उसळून कराची, दिल्ली, चेन्नईत शिरते. दिल्लीतही तीन होतेच, तीही उसळते. आठवा उद्रेक. संपलं, चौघंही हरलात, जिंकलेला घरात कुणीच नाही. मग मेहुणा म्हणतो, मुंबईला आधी जा म्हणून मी सांगत होतो. तुम्ही म्हणता, सांगत होतास तेव्हा तू स्वतः साओ पावलोत काय करत होतास? वहिनी पत्ते पिसायला घेतात. त्यांच्या मते चूक दोघांचीही आहे, आणि ती नेमकी कुठे झाली हे त्या दुसऱ्या चालीपासून सांगायला लागतात.