शनवारचं तेल

शनिवारी तेल विकत घ्यायचं नाही हा सोनपेठचा नेम होता, आणि आमचं घर तेल्याचं. म्हणजे गावाचा नेम आमच्या पोटावर पाय देणाराच. परसात लाकडी घाणा होता. आबा करडई गाळायचे. शुक्रवारी दिवे लागेपर्यंत दाराशी बुधल्या खणखणायच्या आणि शनिवारी कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही. मग घाणा थांबायचा आणि बैलाच्या डोळ्यांवरची झापड निघायची. आबा त्याला वाण नदीवर धुवायला न्यायचे. मी एकदा विचारलं, "शनीला तेल आवडतं, मग त्याच्याच वारी विकायचं कामून नाही?" आबा म्हणाले, "शनीचं मला ठावं न्हाई. बैलाला सुट्टी पाहिजे का नको?"

आठवड्यातून एक दिवस बैलालाही विसावा द्यावा, असं ज्यूंच्या शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या आज्ञेत स्पष्ट सांगितलेलं आहे, हे मला पुढं चाळीसेक वर्षांनी ठाण्यात कळलं.

बँकेतून निवृत्त झालो तेव्हा हातात वेळ होता आणि घरात माझी अडचण. बरोबर नोकरी केलेला एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, मित्र म्हणाला, आमच्या समाजाच्या सेवासंस्थेला माणसं हवीत, येतोस का? मी म्हटलं, मी तर तुमच्यातला नाही. तो म्हणाला, "तुला पेन्शनचे फॉर्म भरता येतात ना?" एवढ्या पात्रतेवर माझी नेमणूक झाली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची एक यादी मिळाली. त्यांची औषधं आणायची, दवाखान्यात सोबत जायचं, इस्रायलमधल्या मुलानातवंडांना मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून द्यायचा आणि नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला. माणूस समोर जिवंत बसलेला असतो, पण यंत्रावर अंगठा उमटत नाही, कारण आयुष्यभर भांडी घासून रेषाच झिजलेल्या असतात. अशा वेळी लिंबानं बोट धुवायचं, पुसायचं, पुन्हा टेकवायचं. मी केलेल्या समाजसेवेचा निम्मा भाग हाच.

यादीतलं तिसरं नाव मावशींचं. वय पंच्याऐंशी, नेसणं नऊवारीसारखंच ठसठशीत पण पाचवारी, आणि मराठी अशी की मला माझीच लाज वाटावी. पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही कुठले?"

"सोनपेठचा. परळीच्या अलीकडं, परभणी जिल्हा."

"मग तुम्ही सोनपेठकर." आडनाव सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं. "आमच्यात गाव लावल्याशिवाय माणूस पुरा होत नाही. पेणकर, रोहेकर, केहिमकर, झिराडकर, चेऊलकर. आणि धंदा काय वडिलांचा?"

तेली म्हटल्यावर मावशी पदर तोंडाशी धरून हसायला लागल्या. "अहो, मग आपण एकच की! आम्ही शनवार तेली."

ती गोष्ट त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितली आणि मी दहाही वेळा ऐकली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांना तिथंच मूठमाती दिली. पोथ्या समुद्रात गेल्या, भाषाही हळूहळू गेली. उरला तो एक 'शेमा', म्हणजे देव एकच आहे असं सांगणारी प्रार्थना, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि शनिवार. गावोगाव घाणे घातले, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून कोकणातल्या शेजाऱ्यांनी नाव ठेवलं, शनवार तेली. नाव ठेवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं की त्या एका शब्दात त्यांनी या लोकांचा सगळा धर्म नोंदवून ठेवलाय.

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला सात आणि सात हा आकडा फार गोल वाटतो. मी तसं बोललो. मावशी म्हणाल्या, "हिशोब नका करू, सोनपेठकर. तेव्हा तुमची बँक नव्हती." हाइम सॅम्युएल केहिमकरांनी समाजाचा इतिहास लिहिला, त्यात हे गलबत इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात आलं असावं असा त्यांचा अंदाज आहे. ते वारले आणि पुस्तक छापून निघालं त्यानंतर, 1937 मध्ये, तेही तेल अवीवला. तारखेवर अभ्यासक भांडतात. नवगावचं जुनं कबरस्तान मात्र भांडणात पडत नाही, ते आहे तिथं आहे.

मावशींच्या तोंडून सणांची नावं ऐकावीत. उपासाच्या थोर दिवसाला दरफळणीचा सण, कारण त्या दिवशी दार लावून घरातच राहायचं. जेरुसलेमच्या मंदिराचा नाश झाला त्या शोकाच्या दिवशी वालाचं बिरडं खायचं, म्हणून तो बिरड्याचा सण. दोन हजार वर्षांचं दुःख आणि ताटात बिरडं! मला याहून मराठी काही सुचत नाही.

मलिद्यावरून मात्र आमचं वाजलं. माझ्या लेखी मलिदा म्हणजे दर्ग्यात पोळी कुस्करून, गूळ घालून वाटतात तो. आमच्याकडं उरुसाला आबासुद्धा रांगेत उभे राहायचे. मावशींचा मलिदा पोह्यांचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गोडी आणि वर फळं. तो एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं करायचा, लग्नकार्याला, नवस फेडायला. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर खूण आहे, एलियाहू हन्नाबी स्वर्गात जाताना घोड्याची टाप तिथं उमटली असं मानतात. "टापा बघायला नेईन तुम्हाला," असं त्या मला म्हणायच्या. स्वतः जिना उतरू शकत नव्हत्या.

मुंबईच्या मशीद बंदर स्टेशनाचं नाव ज्या मशिदीवरून पडलं असं सांगतात, ती खरं तर बेने इस्राएलांचं सिनेगॉग. समाजातली जुनी माणसं प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत. इंग्रजांच्या पलटणीतले सॅम्युएल इझेकिएल दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. टिपूच्या आईनं विचारलं, तुम्ही कोण? बेने इस्राएल म्हटल्यावर ती म्हणाली, हे नाव तर कुराणात आहे, यांना मारू नका. दिवेकर सुटून आले आणि 1796 साली त्यांनी सिनेगॉग बांधलं. त्याचं नाव 'शार हाराहमिम', दयेचं दार. आईचा प्रसंग मावशींच्या आजोबांकडून आलेला आहे, मी त्याची पावती मागितलेली नाही.

मग मला आमच्याकडचा असाच एक शब्द आठवला. सोनपेठच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात 'ससूनला नेलं' हे वाक्य असायचंच. आजार गावच्या डॉक्टराच्या हाताबाहेर गेला, परभणीच्याही हाताबाहेर गेला, की ससून. मला लहानपणी वाटायचं, ससून हा दुखण्याच्या शेवटच्या पायरीसाठी असलेला मराठी शब्द आहे. डेव्हिड ससून बगदादहून आलेले ज्यू व्यापारी, 1864 साली पुण्यातच वारले. त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं रुग्णालय 1867 मध्ये सुरू झालं. त्यांची कबर पुण्याच्या लाल देवळाच्या आवारात आहे. आबांनाही एकदा ससूनला नेलं होतं आणि ते बरे होऊन चालत घरी आले. ससून कोण, हे त्यांनी विचारलं नाही, आम्हीही नाही.

ससून धनाढ्य होते. बेने इस्राएल बहुतेक कारकून, रेल्वेतले, पलटणीतले, शिक्षिका, नर्सा. त्यांची सेवा वर्गणीतून चालायची. केहिमकर आणि त्यांच्या भावांनी 1875 साली मुंबईत शाळा काढली, पुढं ती सर एली कदूरींच्या नावानं ओळखली जाऊ लागली. शिवमोग्याला जन्मलेल्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी 1913 मध्ये समाजातल्या बायकांचं स्त्री मंडळ सुरू केलं, मग लंडनहून एम.डी. होऊन आल्या आणि कामा हॉस्पिटल सांभाळलं. 1966 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मावशी कामा हॉस्पिटलातच जन्मल्या होत्या. "झिराडबाई नुसत्या वॉर्डात आल्या तरी बायका कण्हायच्या थांबायच्या," हे त्यांच्या आईचं वाक्य.

परदेशातली मदतही आली. 1914 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली जॉइंट डिस्ट्रिब्युशन कमिटी गेली कित्येक दशकं इथल्या ज्यू म्हाताऱ्यांना औषधपाण्याला आधार देते. आणि 2012 पासून गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई या संस्थेमार्फत देशोदेशींचे तरुण ज्यू स्वयंसेवक कळव्याच्या झोपडपट्टीत मुलांना शिकवायला येऊ लागले. शिकायला आलेल्या मुलाला जेवण, अशी त्यांची साधी योजना. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात नरिमन हाउसमध्ये मारल्या गेलेल्या रब्बी गॅव्रिएल होल्त्झबर्ग यांच्या नावावरून संस्थेचं नाव आहे. कळव्यात एकदा काही कामानं गेलो, तर एक बाई पोराला ओरडत होती, "कुठं बोंबलत फिरायलास रे?" माझे कानच टवकारले. हे आमच्याकडचं 'फिरायलास'. गंगाखेडची निघाली.

एकदा मावशींनी विचारलं, "पैसे नाहीत, पाणी नाही, मग तुम्ही येता कशाला?"

मी आजीची गोष्ट सांगितली. 1948 चं साल. निजामाचं राज्य, रझाकारांची धास्ती. आमची माणसं घाणा तसाच टाकून, बैल गाडीला जुंपून सरहद्दीपलीकडं बार्शीच्या बाजूला निघाली. वडील तेव्हा लहान होते. उन्हानं, धुळीनं त्यांचं अंग उललेलं. पोचले तो नेमका शनिवार. एका अनोळखी घरी आजीनं चमचाभर तेल मागितलं आणि मागितल्यावर स्वतःच जीभ चावली. त्या बाईनं वाटीभर तेल आणून दिलं. "तिनं शनवार बघितला न्हाई," आजी मरेपर्यंत सांगायची. त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं.

मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्याच साली इस्रायल झालं. माझे तिन्ही भाऊ गेले." तेव्हा भारतात वीसेक हजार बेने इस्राएल होते, आता सगळे ज्यू मिळून चारपाच हजार. भाऊ बेरशेबाला स्थिरावले. पण तिथल्या धर्मगुरूंनी बेने इस्राएलांच्या सोयरिकींवर शंका काढली आणि 1964 साली मोठा भाऊ जेरुसलेममध्ये धरणं धरून बसला. सरकारनं अखेर ते पूर्ण ज्यू आहेत असं मान्य केलं. मावशींचं म्हणणं, "कोकणात कुणी पुरावा मागितला नाही. शनवार पाळता ना, बस."

सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत, मग त्या नवांत कितीही मोठा विद्वान असो. ठाण्याचं टेंभी नाक्याचं 'शार हशामायिम' 1879 चं आहे, एके काळी तिथं बसायला जागा मिळत नसे. मावशींच्या यजमानांचा हश्काबा, म्हणजे मृताच्या स्मरणाची प्रार्थना होती, तेव्हा नऊ जमले. मी दहात धरला जात नाही. पण दहावा माणूस आणणं हे काम कुणीही करू शकतो. दहावे त्र्याऐंशी वर्षांचे, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मी आणि वॉचमननं त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. प्रत्येक वळणावर ते म्हणत होते, "सांभाळा, मी एकटाच उरलोय तुमच्याकडे."

मावशींना जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी इस्रायलहून आली आणि आठ दिवसांत परत गेली. जाताना तिनं शब्बाथच्या दिव्याचा काचेचा ग्लास माझ्या हातात ठेवला. तिच्या घरी मेणबत्त्या लावतात. मी तो मावशींच्या शेजारणीला दिला. ती आणि तिचे यजमान, दोघंच आहेत. दर आठवड्याला त्यांच्याकडं औषधं पोचवतो, आणि दिव्याचं तेल. तेल शुक्रवारी दुपारीच नेऊन ठेवतो.