‘मुका मार’ म्हणण्याआधी

म्हातारं माणूस न्हाणीत घसरतं, तालुक्याला फोटो निघतो, फोटोत काही दिसत नाही आणि ‘मुका मार आहे, शेक द्या’ असं सांगून घरी पाठवलं जातं. खुब्याच्या बाबतीत हा निष्कर्ष फार घाईचा. खुब्याच्या अस्थिभंगांपैकी साधारण 2 ते 10 टक्के पहिल्या एक्स-रेत सापडत नाहीत.

याला हाड जबाबदार असतं, तसाच फोटोही. विरळ झालेल्या हाडाची सावलीच फिकी. त्यात जागेवरून न सरकलेली भेग दिसणार कशी? शिवाय मांडीच्या हाडाची मान मुळात सुमारे 15 अंश पुढे कललेली असते. दुखरा पाय बाहेर वळलेला राहिला, की फोटोत ती आखूड दिसते आणि भेग शेजारच्या उंचवट्याआड लपते. म्हणून सोसवेल तेवढा पाय आत वळवून फोटो घ्यावा, बाजूनेही एक घ्यावा. घाईत नेमकं हेच राहतं.

‘चालतात की’ हा पुरावा नव्हे. तुटलेल्या हाडाची टोकं एकमेकांत रुतली असतील तर रुग्ण लंगडत चालतो. कधी दुखणं गुडघ्यात जाणवतं, कारण खुबा आणि गुडघा दोन्हींकडे एकाच मज्जातंतूच्या शाखा जातात. मग फोटो निघतो तो गुडघ्याचा! जांघेत दुखणं, झोपून सरळ पाय उचलता न येणं, टाच दाबली की कळ येणं, ही लक्षणं फोटोपेक्षा बोलकी.

शंका उरली तर एमआरआय. भेगेभोवतीची अस्थिमज्जेची सूज त्यात काही तासांतच दिसते. तो 24 तासांत होणार नसेल तर सीटी करावा, असं ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेचं 2011चं मार्गदर्शन सांगतं. सीटीतही बारीक भेग निसटू शकते, हे मात्र ध्यानात ठेवावं.

या तपासण्यांसाठी लांब जावं लागू शकतं. अहिल्यानगर क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, 17 हजार चौरस किलोमीटरचा. अकोले तालुक्यातल्या राजूरहून अहिल्यानगर शहर शंभरावर किलोमीटर. लोणीचं प्रवरा रुग्णालय त्यामानाने जवळ. तरीही हा प्रवास टाळू नये. भेग सरकली नसेल तर बहुधा स्क्रूंवर भागतं. सरकली, की मानेलगतच्या रक्तवाहिन्या तुटून हाडाचा गोळा मरू शकतो आणि कृत्रिम सांधा बसवावा लागतो.

म्हणून फोटो स्वच्छ असूनही जांघ दुखत असेल किंवा रुग्ण पाय टेकवत नसेल, तर ‘एमआरआय करायचा का?’ हे डॉक्टरांना विचाराच. उत्तर मिळेपर्यंत त्या पायावर भार देऊ नका आणि मालिश तर मुळीच करू नका.