गोडें पाणी, खारें पाणी आणि आपले किल्ले



आपल्या नेरे गांवाच्या पूर्वेस प्रबळगडाचा विस्तीर्ण माथा उभा आहे आणि गांवाजवळून गाढी नदी वाहते. डोंगरावरचें पाणी घेऊन ती पनवेलकडे जाते व तेथें खाडीस मिळते. त्या खाडीच्या मुखाशीं बेलापूरचा जुना किल्ला आहे. एकाच पाण्याच्या वाटेच्या वरच्या टोंकास एक गड आणि खालच्या टोंकास दुसरा! मधल्या या प्रदेशांत १५४० पासून १८१८ पर्यंत राज्यांच्या सीमा सारख्या सरकत राहिल्या. जुबिलीनिमित्त आपल्या परिसराचा इतिहास सांगावा अशी आपली इच्छा. मला राजांच्या वंशावळीपेक्षां या पाण्याचीच कथा सांगणें अधिक उपयुक्त वाटतें. कारण तट माणसांनीं बांधले, परंतु ते कोठें बांधावे व किती दिवस लढवावे हें बहुधा पाण्यानेंच ठरविलें.

डोंगरी किल्ल्याचा प्राण म्हणजे त्याचें टांकें. सह्याद्रीचा काळा कातळ पाणी सहजासहजीं शोषीत नाहीं. मृगाचा पाऊस पडतो आणि घटकाभरांत ओढ्यांनीं निघून जातो. म्हणून कातळांतच टांकीं खोदीत. निघालेला दगड तटाच्या कामीं येई आणि चार महिन्यांचें पाणी सांठून आठ महिने पुरवावें लागे. पनवेलच्या दक्षिणेस कर्नाळ्यावर जे गेले असतील, त्यांनीं अंगठ्यासारख्या सुळक्याच्या पायथ्याशीं अशीं टांकीं पाहिलीं असतील. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत याविषयीं स्पष्ट शिकवण आहे: आधीं पाणी पाहावें, मग किल्ला बांधावा, एका झऱ्यावर विसंबूं नये, कारण युद्धांत तोफांच्या धक्क्यांनीं झरे आटतात, म्हणून टांकीं-तळीं बांधून पाणी राखून ठेवावें.

समुद्रावरून आलेल्या पोर्तुगीजांचें गणित निराळें होतें. त्यांचें बळ गलबतांत होतें. १५४० मध्यें अहमदनगरच्या निजामशहानें कर्नाळा व पेणजवळील सांकशी हे किल्ले गुजरातच्या सुलतानाकडून घेतले, तेव्हां गुजरातच्या किल्लेदारांनीं वसईस जाऊन पोर्तुगीजांची मदत मागितली. किल्ले पोर्तुगीजांच्या हातीं आले. परंतु ते राखणें फार खर्चाचें, असें पाहून त्यांच्या व्हाइसरॉयनें वार्षिक ५,००० सुवर्ण पर्दावांच्या खंडणीवर ते निजामशहास देऊन टाकले. वसई, ठाणें, साष्टी, करंजा, रेवदंडा हीं त्यांचीं ठिकाणें पाहा: सारीं समुद्राच्या वा खाडीच्या कांठचीं. आपल्या कोंकणांतील जुनीं ख्रिस्तमंदिरेंही बहुतेक याच पट्ट्यांत आढळतात. सुवार्तेला सीमा नसते. पण सुवार्तिक ज्या गलबतांतून आले, त्या गलबतांना होती.

खाऱ्या पाण्याचा हा खंदक अभेद्य वाटे. वसईच्या कोटास तीन बाजूंनीं समुद्र व खाडी. १७३७ मध्यें मराठ्यांनीं ठाणें व अर्नाळा घेतलें, तरी वसई आणखी दोन वर्षें टिकली. अखेर १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं ती जिंकली, ती पाण्याकडून नव्हे, तर उत्तरेच्या कोरड्या जमिनीकडून. तेथें भुयारें खणून सुरुंगांनीं तट फोडला गेला. मराठ्यांनीं पोर्तुगीजांकडून घेतलेलें बेलापूर १८१७ मध्यें इंग्रजांकडे गेलें आणि १८१८ मध्यें कर्नल प्रॉथरनें कर्नाळा घेतला. सीमा पुसली गेली आणि किल्ले ओस पडले.

परंतु पाण्यानें घडविलेली भूमि मागें उरली. भरती अडविणारे बांध, बांधाच्या आंत खारजमिनीवरचें भात, बाहेर मिठागरें. आणि वर गडांच्या माचीवर, जेथें कड्यांतून पाझर फुटतो, तेथें ठाकुरांच्या वाड्या. खालच्या पुष्कळ खारजमिनींवर आज नवी मुंबई उभी आहे. वरच्या वाड्या मात्र अजून डोंगराच्या व पावसाच्या हवालीं आहेत. प्रबळगडाच्या शेजारीं इर्शाळगडाच्या कुशींत इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं अतिवृष्टीनें तिच्यावर दरड कोसळली. २७ मृतदेह हातीं लागले. शोध थांबला तेव्हां ५७ जण बेपत्ताच होते. त्या गरीब कुटुंबांचा कांहींही अपराध नव्हता. ज्या डोंगरानें त्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाणी दिलें, तोच पाण्यानें फुगून त्यांच्यावर आला.

गाढीवर वरच्या अंगास देहरंगचें धरण आहे; त्याचें पाणी पनवेल शहर पितें. म्हणजे वरच्या डोंगराशीं खालच्या शहराचें नातें किल्ल्यांच्या काळीं होतें तसेंच आजही आहे. म्हणून माझी एवढीच विनंति: सुटींत मुलांना गडावर न्याल तेव्हां बुरुजाआधीं त्यांना टांकें दाखवा व त्यांत घाण टाकूं देऊं नका. वाटेवरच्या वाडींत क्षणभर थांबून तेथल्या माणसांची विचारपूस करा. आणि श्रावणाच्या एखाद्या रात्रीं पाऊस थांबेनासा झाला व त्यांच्यापैकीं कोणी आपल्या दाराशीं आलें, तर दार उघडण्यास उशीर करूं नका.