यंत्रभाषेत हरवलेली नावे : दोषशोधनाच्या माहितीचा इतिहास

मनुष्याने लिहिलेली आज्ञावली कंपायलरच्या द्वारे यंत्रभाषेत उतरते, तेव्हा तिच्यातील बहुतेक नावे लोप पावतात. 'वेतन' नावाच्या चलाच्या जागी स्मृतीतील एक स्थानांक उरतो आणि एका ओळीच्या जागी अनेक सूक्ष्म आज्ञा येतात. यंत्राला याहून अधिक काही नको असते. परंतु आज्ञावली मध्येच अडली आणि दोष शोधण्याची वेळ आली, म्हणजे हाच लोप अडचणीचा ठरतो. दोष शोधणाऱ्या डीबगरला तीन गोष्टी कळणे अवश्य असते : चालू आज्ञा मूळच्या कोणत्या ओळीतून निघाली, कोणता चल कोठे ठेवला आहे, आणि तेथील अंक कोणत्या प्रकारचे मूल्य समजावयाचे. हे ज्ञान केवळ कंपायलरपाशी असते. आणि डीबगरचे काम सुरू होण्यापूर्वीच कंपायलरचे काम संपलेले असते. सबब जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी लेख ठेवावा लागतो. हा लेख कोणत्या मांडणीत ठेवावा, या प्रश्नाचा इतिहास येथे पाहावयाचा आहे.

युनिक्स प्रणालीत आरंभी प्रतीकसारणी होती; परंतु तिच्यात नाव, त्याचा वर्ग व स्थानांक यांखेरीज फारसे काही मावत नसे. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात 'पीडीएक्स' हा पास्कल भाषेचा डीबगर तयार झाला. त्यासाठी 'स्टॅब्स' ही मांडणी योजण्यात आली असे मानले जाते, आणि तिचे जनकत्व पीटर केसलर यांच्याकडे दिले जाते. तिची युक्ती साधी होती. सारणीतील नावाच्या जागी एक लांब अक्षरमालिका घालावयाची आणि चलाचे नाव, प्रकार इत्यादी सर्व माहिती तीत गुंफावयाची. पूर्णांक हा प्रकारसुद्धा त्याच्या किमान व कमाल मर्यादा, म्हणजे −२१४७४८३६४८ आणि २१४७४८३६४७, देऊन सांगितला जाई. जुन्या सारणीचा सांगाडा न मोडता नवी माहिती वाहून नेता आल्यामुळे स्टॅब्सचा प्रसार झपाट्याने झाला. मात्र तिचे दौर्बल्यही याच सोयीत होते. नवी भाषा आली की नवे अक्षर योजावयाचे, या पद्धतीमुळे तिच्या बोली निर्माण झाल्या. आणि एका कंपायलरचा लेख दुसऱ्याच्या डीबगरला पूर्णपणे उलगडेलच, असा भरवसा राहिला नाही.

१९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास बेल प्रयोगशाळेत ब्रायन रसेल यांनी सिस्टिम फाइव्ह युनिक्ससाठी वेगळ्या मांडणीचा पाया घातला. तिच्या सोबतीच्या फाइल-रचनेचे नाव 'एल्फ', म्हणून हिचे नाव 'ड्वॉर्फ'. परीकथांतील यक्ष आणि बुटका यांची ही जोडी होय. हिच्यात आज्ञावलीचे वर्णन वृक्षासारखे असते : फाइलच्या पोटात फलने, फलनांच्या पोटात चल, आणि प्रत्येकाचे गुणधर्म. विशेष म्हणजे चलाचे स्थान ठरीव कोष्टकाने न सांगता एका लहानशा गणिताने सांगता येते. गतिवर्धनासाठी कंपायलर एकच चल काही काळ रजिस्टरमध्ये, तर काही काळ स्मृतीत ठेवतो. अशा वेळी आज्ञांच्या कोणत्या पल्ल्यात तो कोठे असेल, याची यादीही देता येते. भिन्न बांधणीच्या यंत्रांवर ही मांडणी टिकली, याचे एक प्रमुख कारण हेच.

१९८८ साली युनिक्स इंटरनॅशनल या संस्थेने तिच्या प्रमाणीकरणासाठी समिती नेमली. पहिली आवृत्ती फार जागा खाई. तो दोष दूर करणाऱ्या दुसऱ्या आवृत्तीचा मसुदा जुलै १९९३ मध्ये सिद्ध झाला. परंतु त्याच सुमारास मोटोरोला ८८००० या प्रोसेसरचा पाडाव झाला. त्याच्याशी निगडित संघटना व पाठोपाठ युनिक्स इंटरनॅशनल ही संस्थाही लयास गेली. अंतिम प्रमाण प्रसिद्ध झालेच नाही. तरीही मसुदा अनेकांच्या हाती होता, व त्यावरूनच कंपायलर आणि डीबगर लिहिले जात राहिले. १९९९ मध्ये समितीचे काम पुन्हा सुरू झाले; २००५ मध्ये तिसरी, २०१० मध्ये चौथी व २०१७ मध्ये पाचवी आवृत्ती निघाली.

याच काळात मायक्रोसॉफ्टची वाट निराळी होती. तेथील 'कोडव्ह्यू' डीबगरच्या मांडणीतून पुढे 'पीडीबी' ही स्वतंत्र फाइल उत्क्रांत झाली. ती कार्यक्षम होती. परंतु तिचे संपूर्ण वर्णन बाहेरच्यांस उपलब्ध नव्हते, म्हणून इतरांच्या कंपायलरांना तिची रचना तर्काने ताडावी लागे. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने तीविषयीची मूळ आज्ञावली खुली केली. त्यानंतर, २०१७ मध्ये, एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पाने पीडीबी लिहिण्याची सोय जाहीर केली. उलटपक्षी, एके काळी सर्वत्र पसरलेल्या स्टॅब्सचे लेखन जीसीसी कंपायलरने २०२३ मधील तेराव्या आवृत्तीत बंद केले.

या तीन वृत्तांतांची तुलना केली असता असे दिसते की, मांडणीचे आयुष्य केवळ तिच्या तांत्रिक गुणांवर ठरत नाही. लिहिणारा व वाचणारा यांची भेट कधीच होत नाही; त्यांच्यात दुवा असतो तो केवळ कराराचा. स्टॅब्सचा करार पुरेसा नेमका नव्हता, पीडीबीचा दीर्घकाळ पुरेसा खुला नव्हता. ड्वॉर्फचा करार मात्र करणारी संस्था बुडाल्यावरही उरला, कारण तो लिहिलेला होता आणि कोणालाही वाचता येत होता.