एकाच नावाच्या दोन नोंदी

सौंसर तहसिलीतील रामाकोना हे गाव ऑक्टोबर २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते. पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला आणि गाव जागचे न हलता त्याचा जिल्हा पालटला. असा पालट शेतकऱ्याला फारसा जाणवत नाही. जाणवतो तो याद्या सांभाळणाऱ्या कारकुनाला. जुन्या यादीतील जिल्ह्याचे नाव शोधून बदलण्याचे काम आता स्प्रेडशीटच्या सूत्रांनी होते, आणि तेथे नेमका 'छिंदवाडा' हाच शब्द अडून बसतो.

मराठीत आपण 'छिंदवाडा' असे लिहितो. हिंदी दप्तरात त्यातील 'ड'खाली नुक्ता येतो. हा भेद डोळ्यांना दिसतो. न दिसणारा भेद निराळाच आहे. युनिकोड या संकेतप्रणालीत १९९१ मध्ये देवनागरी आली, ती १९८८ च्या भारतीय इस्की संकेताची मांडणी घेऊन. इस्कीत 'ड' आणि नुक्ता ही दोन चिन्हे जोडून हे अक्षर साधे. युनिकोडने ती रीत ठेवली आणि शिवाय सबंध अक्षराला एक स्वतंत्र संकेतही दिला. परिणामी पडद्यावर तंतोतंत सारखे दिसणारे दोन शब्द यंत्राच्या लेखी भिन्न ठरतात. लांबी मोजणारे 'लेन' सूत्र एकाची लांबी ८ सांगते, दुसऱ्याची ९. आणि 'एक्झॅक्ट' सूत्र ते एक नाहीत असा निवाडा देते. बिचाऱ्या यंत्राचा यात काय दोष? 'सब्स्टिट्यूट' सूत्राने सर्वत्र एकच रूप घातले की हा तंटा मिटतो.

युनिकोड रुळण्यापूर्वीचा काळ याहून बिकट होता. मध्य प्रदेशातील कचेऱ्यांत कृतिदेव हा टंक चाले. पडद्यावर 'राम' दिसे, पण आत साठवलेली असत जे, के आणि ई ही तीन रोमन अक्षरे! रामाकोन्याची यादी दुसऱ्या टंकात उघडली की गावाचे नाव नाहीसे होऊन रोमन अक्षरांची अर्थहीन रांग उभी राही. अशा यादीचे आधी रूपांतर, मग सफाई.

सफाईची नेहमीची सूत्रेही अपुरी पडतात. 'ट्रिम' शब्दांच्या कडेची आणि मधली जादा मोकळी जागा काढते, पण १६० क्रमांकाची अखंड मोकळी जागा तशीच सोडते. 'क्लीन' केवळ पहिली ३२ नियंत्रणचिन्हे पुसते. 'शेतकऱ्या'तील अर्धा 'र' साधण्यासाठी कोणी शून्य रुंदीचे जोडचिन्ह घातले असेल तर ते तिला दिसतच नाही. १९७९ चे व्हिसिकॅल्क काय, १९८५ चे एक्सेल काय, ही साधने घडली ती रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून.

येथवरची स्वच्छता निर्धोक आहे. खरा धोका पुढे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा मराठीभाषक पट्टा मध्य प्रदेशातच राहिला. घरात मराठी, दप्तरात हिंदी. त्यामुळे 'काळे' हे 'काले' होऊन बसतात, 'पाटील' यांचे 'पाटिल' होतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेत वर्षाला ६,००० रुपये मिळतात. परंतु अर्जातील नाव आधारवरील नावाशी जुळले नाही तर हप्ता अडू शकतो. अशा वेळी प्रत्येक 'ळ'चा 'ल' करणारे सूत्र मोठे सोयीचे वाटते. दोन्ही याद्या क्षणात जुळतात. तथापि 'बाळा' हे पुरुषाचे नाव आणि 'बाला' हे स्त्रीचे. सूत्र त्या दोघांनाही एकच करून मोकळे होते.

म्हणून मूळ स्तंभाला हात लावू नये. शेजारी एक रिकामा स्तंभ घ्यावा, सूत्र तेथे चालवावे आणि त्याचा उपयोग जुळणीपुरताच करावा. नोंदीत 'काळे' हे 'काळे'च राहावेत. जेथे दोन नावे एकरूप झालेली दिसतील, तेथे वडिलांचे नाव आणि खसरा क्रमांक ताडून पाहावा, आणि तरीही शंका उरली तर पटवाऱ्याला नव्हे, खुद्द खातेदारालाच विचारावे.